रक्ताची बेगमी

महाराष्ट्रातील रक्तपेढ्यांची भिस्त फार वर्षांपासून शिबिरांवर आहे. थोर पुरुषाची जयंती असो, गणेशोत्सवाचा मंडप असो की महाविद्यालयाचे सभागृह, ज्या निमित्ताने माणसे एकत्र जमतात त्याच निमित्ताने रक्तदानही व्हावे, असा लोकाचारच येथे रूढ झाला; आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून मोबदला घेऊन रक्त देण्यास मनाई झाली, तेव्हा रुग्णालयांचा योगक्षेम या लोकाचारावर अधिकच विसंबून राहिला. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे जमावबंदीचे हुकूम सुटले आणि नेमके जमणेच निषिद्ध ठरले.

रक्ताची बेगमी धान्यासारखी करता येत नाही. तांबड्या पेशी शीतकपाटात फार तर ४२ दिवस टिकतात. रक्तबिंबिका, ज्यांना आपण प्लेटलेट म्हणतो, त्या अखंड हलवीत ठेवूनही पाचच दिवस. गोठविलेला प्लाझ्मा तेवढा वर्षभर राहतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत महाविद्यालये ओस पडली की टंचाई दरसाल जाणवतेच, पण त्या साली ती सुट्टीची वाट न पाहता आली. २५ मार्चला सुरू झालेल्या २१ दिवसांच्या टाळेबंदीचा अखेरचा दिवस १४ एप्रिल होता, डॉ. आंबेडकरांच्या जयंतीचा, एरवी ठिकठिकाणी शिबिरे भरण्याचा. त्याच दिवशी देशभरची टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढविण्यात आली.

मागणीची गोष्ट इतकी सरळ नव्हती. पुढे ढकलता येण्याजोग्या शस्त्रक्रिया थांबल्या, रस्ते निर्मनुष्य होऊन अपघातही घटले, त्यामुळे आवक आणि जावक दोन्ही आटून दप्तरातला हिशेब जुळल्याचा भास होणे शक्य होते. परंतु थॅलेसेमियाच्या बालकाला हा हिशेब लागू पडत नाही. ज्याच्या देहात पुरेसे हिमोग्लोबिन घडतच नाही, त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावेच लागते. प्रसूतीत रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीची निकड तर घटकाभरही थांबत नाही. त्या साथीचा इतिहास लिहिताना प्राणवायूच्या नळकांड्यांचे वर्णन विस्ताराने होईल, आणि ते व्हावेही. पण बंद रस्त्यांवरून मुलाला रक्तपेढीपर्यंत नेण्यासाठी परवान्याची तजवीज करणाऱ्या आईबापांनाही त्यात मानाचे पान मिळावे, असे मला मनापासून वाटते.

तशात बरे झालेल्या रुग्णांच्या प्लाझ्माची मागणी उसळली. १९१८ च्या इन्फ्लुएंझातही हा उपाय योजिला गेला होता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर त्याची परीक्षा पाहिली, तेव्हा मृत्यू टळतात असे दिसले नाही. तरीही मे २०२१ मध्ये उपचारांच्या सूचनांतून तो वगळला जाईपर्यंत आप्तांची शोधाशोध चालूच राहिली. मात्र २०२० च्या ऑगस्टमध्ये आशा ताजी होती. १९३४ पासून गणपती बसविणाऱ्या लालबागच्या मंडळाने त्या वर्षी मूर्तीची प्रतिष्ठापना न करता आरोग्योत्सव मांडला, आणि जेथे दर्शनार्थींची गर्दी लोटत असे तेथे अकरा दिवस रक्त आणि प्लाझ्मा देणारे येत राहिले.