मूल ठेवायचे कुठे? : निराधार मुलांच्या मनाची दीडशे वर्षे

गोरेगाव म्हटले की बहुतेक वाचकांना मुंबईचे उपनगर आठवते. आमचे गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातले, धानाच्या बांध्यांमधले तालुक्याचे गाव. इथे बाप गेला आणि आई कामासाठी परमुलखात गेली, तर मूल अनाथाश्रमात जात नाही. आजीकडे जाते, नाही तर मामाकडे. सरकारदरबारी अशा मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. तिचे अर्ज भरून घ्यायला लोक अधूनमधून माझ्याकडे येतात. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचे बोनाफाईड, बँकेचे पासबुक असे कागद गोळा करताना आज्या हमखास आणखी काही सांगतात. पोर रात्री दचकून उठते, शाळेत तोंड उघडत नाही, आठ वर्षांचे झाले तरी अंथरूण ओले करते. ही माहिती कोणत्या कागदाला जोडायची, हे त्यांनाही कळत नाही आणि मलाही. गेली काही वर्षे मी जुने कायदे, अहवाल आणि गॅझेटियर चाळतो आहे, ते या एका प्रश्नापायी.

महाराष्ट्रातली ही कहाणी साधारणपणे १८६३ पासून सांगतात. त्या वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तिथे जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी पुढे दत्तक घेतले. तोच यशवंत, पुढचा डॉक्टर. परक्याचे मूल घरातलेच होऊन वाढू शकते, याचे इतके ठसठशीत उदाहरण त्या काळात दुसरे नाही. पण ते एका घराचे उदाहरण होते. सरकारचा हात त्यात नव्हता.

सरकारचा हात दिसतो तो दुष्काळात. आमचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि मध्य प्रांतात होता. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांताची फार मोठी वाताहत झाली. पंडिता रमाबाई तेव्हा या प्रांतात फिरल्या आणि सुमारे ३०० मुली व विधवा सोबत घेऊन गेल्या; केडगावच्या मुक्ती सदनाचा विस्तार त्यातून झाला. सरकारी दुष्काळ-नियमावलीतही अनाथ मुलांची तरतूद होती. दुष्काळ असेपर्यंत त्यांना पोसायचे आणि तो सरला की नातेवाइकांकडे, त्यांच्या जातीधर्माच्या माणसांकडे किंवा संस्थेकडे सोपवायचे. आईबाप डोळ्यांदेखत गेलेल्या मुलाला काय होत असेल, हा सवाल त्या नियमावलीच्या कक्षेतच नव्हता. मूल जगले पाहिजे, एवढेच तिचे काम.

मनाचे खाते सरकारने वेगळेच उघडले होते. नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. भिंती उंच, दारे भक्कम. ज्याच्यापासून समाजाला त्रास होतो, त्याला आत ठेवण्याची ती जागा. रात्री दचकून उठणाऱ्या पोराचा या इस्पितळांशी संबंध येण्याचे कारण नव्हते. निराधार मूल एका खात्यात आणि मन दुसऱ्या खात्यात, ही वाटणी इथेच पडली.

विसाव्या शतकात कायदे आले. मुंबई इलाख्याचा बालकायदा १९२४ चा, मध्य प्रांताचा १९२८ चा. मुंबईत १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली आणि कायद्याला हातपाय मिळाले. बालन्यायालय, परिविक्षा अधिकारी, रिमांड होम हे शब्द मराठीत रुळले ते याच काळात. मुलाला संस्थेतच टाकले पाहिजे, असे कायदा म्हणत नव्हता. नातेवाइकाच्या किंवा अन्य ‘योग्य व्यक्ती’च्या हवाली करण्याची मुभा न्यायालयाला होती. आजच्या पालक-कुटुंबाचे मूळ या दोन शब्दांत आहे. मात्र योग्यता ठरायची ती चारित्र्यावरून आणि ऐपतीवरून.

दोन्ही खाती एकदा जवळ आली होती. अमेरिकेत शिकागोच्या बालन्यायालयाला जोडून विल्यम हीली या डॉक्टरांनी १९०९ मध्ये मुलांच्या मनाची तपासणी सुरू केली. त्यातून ‘चाइल्ड गाइडन्स’ची चळवळ पसरली. मुंबईत १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या संचालकत्वाखाली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले आणि पुढच्याच वर्षी तिथे बाल-मार्गदर्शन केंद्र सुरू झाले. देशातले ते पहिले. या पद्धतीत मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता एकत्र बसून एका मुलाचा विचार करतात. मूल चोरी करते किंवा शाळा चुकवते, तर घरात काय घडले हे आधी पाहतात. भारतात ही दृष्टी आली ती टाटांच्या विश्वस्त निधीतून. सरकारच्या अंदाजपत्रकात तिला जागा व्हायला आणखी कित्येक दशके जायची होती. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार सबंध देशात मनोरुग्णांसाठी सुमारे १० हजार खाटा होत्या. तिथे मुलांचा स्वतंत्र विचार कोण करणार?

जगात मात्र विचार पुढे गेला होता. महायुद्धाने लाखो मुले पोरकी केली. जागतिक आरोग्य संघटनेसाठी इंग्रज मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये अहवाल लिहिला. लहान मुलाला अन्नाइतकीच एका स्थिर, मायेच्या माणसाची गरज असते, आणि ते नाते तुटले की त्याचे परिणाम पुढे दिसत राहतात, हा त्याचा गाभा. मुलांना संस्थेऐवजी कुटुंबात वाढवावे, या धोरणाला त्यातून बळ मिळाले. आपल्याकडे ते धोरण आले. बोल्बींचा उरलेला अर्धा मुद्दा, म्हणजे तुटलेल्या नात्याची जखम, वाटेतच राहिला.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा; जिल्हा पातळीवर तो १९९६ मध्ये उतरू लागला. बाल न्याय कायदा १९८६ चा. तो २००० मध्ये आणि २०१५ मध्ये नव्याने झाला. पहिली वाट आरोग्य खात्याची, दुसरी महिला व बालविकास खात्याची. दोन्ही जिल्ह्याच्या गावी पोचतात, पण वेगवेगळ्या इमारतींत.

२०१५ च्या कायद्याचे कलम ४४ पालक-कुटुंबाविषयी आहे. मुलाचे शिक्षण, आरोग्य, पोषण आणि एकूण हित सांभाळणे ही कुटुंबाची जबाबदारी. दरमहा पाहणी करणे हे बालकल्याण समितीचे काम. २०१६ च्या आदर्श नियमांत मानसिक आरोग्यावर स्वतंत्र नियम आहे आणि तो चांगला आहे. प्रशिक्षित समुपदेशक हवा, मनोविकार विभागाशी जोडणी हवी, प्रत्येक मुलाची नोंद हवी. फक्त हे सारे बंधन संस्थेवर आहे. बालगृहातल्या मुलासाठी समुपदेशक नेमायचा, आणि तेच मूल मामाच्या घरी गेले की ती जबाबदारी मामाची. मूल संस्थेत राहू नये असे कायदाच म्हणतो. मग त्याच्या मनाची सोय संस्थेच्या दाराशी का थांबावी?

पैशाची बाजू हळूहळू सुधारली, हे नोंदवले पाहिजे. बालसंगोपनाचे अनुदान दरमहा ४२५ रुपये होते. करोनाच्या काळात ते ११०० झाले, २०२३ मध्ये २२५०. योजनेला आता सावित्रीबाईंचे नाव आहे. करोनात दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने ५ लाखांची ठेव ठेवली, केंद्राने पीएम केअर्समधून १० लाखांची तरतूद केली. ही मदत मोलाचीच आहे. पण ठेवीची पावती मुलाचे दचकणे थांबवत नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या आकृतिबंधात समुपदेशकाचे पद एक. गोंदिया जिल्ह्यात तालुके आठ. सालेकसा आणि देवरीच्या जंगलातली गावे धरून एका माणसाने किती घरांत जायचे, याचा हिशेब वाचकांनीच करावा. प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला. रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून आजीने नातवाला तिथे न्यावे, अशी अपेक्षा करवत नाही.

उपाय फार खर्चिकच असतो असे नाही. इंग्लंडमध्ये सरकारच्या देखरेखीखालील ४ ते १६ वयाच्या मुलांसाठी दरवर्षी २५ विधानांची एक प्रश्नावली भरून घेतात. भरणारा तज्ज्ञ नसतो. मुलाला सांभाळणारा माणूसच ती भरतो. मूल घाबरते का, त्याला मित्र आहेत का, ते चिडते का. गुण जास्त आले तर पुढची तपासणी करायची. तिथेही पुढची मदत वेळेवर मिळतेच असे नाही; तरी ज्या मुलाला ती हवी, त्याचे नाव निदान कागदावर येते.

आपल्याकडे दोन्ही वाटांची माणसे आहेत. समितीला दरमहा पाहणी करायची आहे, जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचे पथक आहे, गावात आशाताई आहे, अंगणवाडी आहे. १९३७ मध्ये मुंबईत तीन माणसे एका मुलाभोवती बसली. ती बैठक महिन्यातून एकदा गोरेगावच्या ग्रामीण रुग्णालयात भरली आणि अनुदानाच्या यादीतली मुले तिथे पाळीपाळीने आली, तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. दोन खात्यांनी एकमेकांना पत्र लिहावे लागेल. पाहणीच्या नोंदीत एक ओळ आजीच्या तोंडची असावी: पोर रात्री झोपते का?