खत, खातें आणि ऑब्जेक्ट

प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक अभ्यासक्रमांत ऑब्जेक्टचा धडा आला म्हणजे विद्यार्थ्यास बहुधा एक ठराविक पाठ गिरवावयास देतात : बँकेचें खातें तयार करा. खातेदाराचें नांव, शिल्लक रक्कम आणि पैसे भरणें व काढणें या दोन क्रिया, एवढेंच त्याचें साहित्य. पाठ क्षुल्लक वाटतो. परंतु खात्याची नोंद कोणाच्या हातीं असावी व ती कोणत्या नियमानें बदलावी, या प्रश्नावरून पुणें जिल्ह्यांत एके काळीं कागदांच्या होळ्या पेटल्या होत्या, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचें मोल कळूं लागतें.

डिसेंबर १८७४ मध्यें शिरूर तालुक्यांतील करडे येथें गांवकऱ्यांनीं सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजीं त्या वेळच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें व दुकानें गांठलीं. जुन्या भीमथडीचा बराच मुलूख आज दौंड तालुक्यांत आहे. सुपें मात्र बारामती तालुक्यांत मोडतें. पुढें हे दंगे शिरूर, इंदापूर, हवेली या तालुक्यांत आणि नगर जिल्ह्यांतही पसरले. जमावास मुख्यतः हवे होते ते खतें व रोखे. ते हातीं येतांच अग्नीच्या स्वाधीन होत.

कागदावर एवढा राग कां असावा ? १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें कर्जरोखा तीनच वर्षें चालावयाचा असें ठरलें. व्याज सांचूं नये हा हेतु. परिणाम मात्र उलट झाला. मुदत संपली कीं सावकार थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहून घेई. उदाहरणादाखल, दरसाल दर शेंकडा २४ प्रमाणें १०० रुपयांचें तीन वर्षांचें व्याज ७२ रुपये. म्हणजे नवें खत १७२ चें. आणखी तीन वर्षांनीं त्यावर १२३ रुपये ८४ पैसे चढून तिसरें खत २९५ रुपये ८४ पैशांचें होतें. मूळचे १०० रुपये या शेवटच्या खतावर कोठेंच दिसत नाहींत. खत खरें, आंगठा खरा, आणि तरीही हिशेब अदृश्य !

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें नेमका हा पडदा उचलला. न्यायाधीशानें केवळ खत न पाहतां व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासावा. शेतकऱ्याचें खत गांवच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावें. ऋणकोस पावती, वार्षिक हिशेब व पासबुक मिळावें, असें त्यांत ठरविलें होतें.

आतां ऑस्लोकडे वळूं. तेथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्यें ओले-योहान डाल व क्रिस्टन न्यूगार्ड या दोघांनीं १९६७ सालीं सिम्युला ६७ ही संगणकभाषा सिद्ध केली. माहिती आणि तिच्यावर चालणाऱ्या क्रिया यांची एकत्र मोट बांधण्याची कल्पना तींत होती. तिच्या नमुन्यास क्लास व नमुन्यावरून घडलेल्या प्रत्येक प्रतीस ऑब्जेक्ट म्हणतात. कोऱ्या पासबुकाचा छापील नमुना हा क्लास. त्यावर नांव घालून शेतकऱ्याच्या हातीं दिलेलें पासबुक हा ऑब्जेक्ट. पुढें स्मॉलटॉक, सी प्लस प्लस, जावा या भाषांनीं हीच कल्पना सर्वत्र रूढ केली. २००१ सालचें ट्युरिंग पारितोषिक डाल व न्यूगार्ड यांस मिळालें.

नवशिक्यानें प्रथम एकाच क्लासापासून दोन खातीं करावींत व एकांत पैसे भरून दुसरें अबाधित राहतें हें पडताळावें. नंतर शिलकेहून अधिक रक्कम काढूं पाहावी. खात्यानें ती नाकारली पाहिजे. तिसऱ्या पायरीस शिलकेचा आंकडा बाहेरून परस्पर बदलून पाहावा. तो निमूटपणें बदलला, तर खात्याचे सारे नियम व्यर्थ होत. म्हणून शिल्लक आंत ठेवावी व तिला हात लावण्याचा मार्ग ठरलेल्या क्रियांतूनच असावा.

येथें बहुतेक विद्यार्थी थांबतात; परंतु सुप्याचा धडा पुढें आहे. सावकाराचें खतही बंदिस्तच होतें; किल्ली मात्र एकट्या सावकाराकडे होती. माहिती लपविणें हें ढवळाढवळीपासून रक्षण करण्यासाठीं असावें, धन्याला अंधारांत ठेवण्यासाठीं नव्हे. तेव्हां खात्यांत केवळ शेवटचा आंकडा न ठेवतां प्रत्येक देवघेवीची तारीखवार यादी ठेवावी, आणि खातेदारानें मागतांच ती दाखविणारी एक क्रिया त्यास जोडावी. मग नवें खत कितीही वेळां लिहिलें, तरी मूळचे १०० रुपये सांपडतात.

१८७९ च्या कायद्यालाही पळवाटा फुटल्या. गहाणाऐवजीं खरेदीखत लिहून घेण्याची युक्ति पुढें चालू झाली. नियम लिहिणाऱ्यानें तो मोडणाऱ्याची चतुराई आधींच हेरावी लागते. आज कर्जाचीं व जमिनीचीं खातीं संगणकावर आहेत, आणि त्यांचे नमुने उद्यां आजचेच नवशिके लिहिणार आहेत. दहा ओळींचा हा पाठ त्यांनीं नीट गिरवावा, तो याचसाठीं.