बांधाची रेघ

नकाशा म्हणजे जमिनीचे चित्र, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु महाराष्ट्रातील गावनकाशाचा इतिहास पाहू लागले म्हणजे ध्यानात येते की, तो चित्रापेक्षा साक्षीदार अधिक आहे. भावाभावांतला बांधाचा तंटा असो वा जमिनीची खरेदी-विक्री असो, अखेर त्याची साक्ष काढावी लागते. हा हाताने काढलेला साक्षीदार आता कागदावरून संगणकात जात आहे. या प्रवासात त्याची साक्ष पालटते काय, एवढाच प्रश्न आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

1818 साली पेशवाई संपली आणि दख्खनच्या जमिनीवर सारा कोणत्या प्रमाणात घ्यावा, हा प्रश्न कंपनी सरकारपुढे उभा राहिला. 1820 च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट कीथ प्रिंगल याने पुणे प्रांतात मोजणी करविली. जमिनीच्या निव्वळ उत्पन्नावर सारा बसवावा, हे त्याचे तत्त्व पुस्तकात मोठे सुबक दिसे. पण मोजणीत व प्रतवारीत फार दोष निघाले. सारा जड झाला, जमिनी पडीक राहू लागल्या, आणि ती व्यवस्था सोडून द्यावी लागली. 1836 साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी व्यवस्था अंमलात आणली. 1847 च्या संयुक्त अहवालाने त्यांच्या पद्धतीस निश्चित रूप आले.

या पद्धतीचे मुख्य हत्यार म्हणजे साखळी. तिची लांबी 33 फूट, आणि रुपयाप्रमाणे तिचेही सोळा आणे! एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. मोजणीदाराने शेतात बसून जे कच्चे रेखाटन केले, ते टिप्पण. त्याची आकृती प्रमाणात नसे, परंतु प्रत्येक बाजूची लांबी साखळी-आण्यांत अंकांनी लिहिलेली असे. गावनकाशा हा निराळा कागद. त्यात 20 साखळ्या, म्हणजे 660 फूट, एका इंचात बसविलेले असत. सबंध गाव एका दृष्टिक्षेपात दिसावा, हा त्याचा हेतू.

आता संगणकाकडे वळू. प्रथम नकाशाची प्रतिमा घेतात. मग तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात तेथील दगड, जुनी विहीर, देऊळ अशा न हललेल्या खुणा निवडून, उपग्रहांच्या साहाय्याने त्यांचे अक्षांश-रेखांश घेतात व ते नकाशावरील त्याच खुणांशी जोडतात. या कामासाठी क्यूजीआयएस यासारखी प्रणाली विनामूल्य मिळते. तिचा आरंभ 2002 साली गॅरी शर्मन यांनी केला. साध्या रीतीला तीन खुणा पुरतात. खुणा त्याहून अधिक दिल्या की, प्रत्येक खूण किती फुटांनी चुकते हे संगणक सांगू लागतो. कागद दमट हवेत फुगलेला असतो, घडीवर झिजलेला असतो. तेव्हा चूक निघणारच. नकाशा रबरासारखा ताणून प्रत्येक खूण अचूक बसविण्याचीही एक रीत आहे. तीत खुणांवरची चूक शून्य दिसते. पण चूक नाहीशी झालेली नसते. ती खुणांच्या मधल्या शेतांत जाऊन बसते.

याहून सूक्ष्म धोका रेघेचा आहे. या नकाशावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे आठ मीटर. लेखणीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तरी तिच्याखाली 13 फुटांची पट्टी झाकली जाते. बांध दहा साखळ्या लांब असेल, तर केवळ रेघेच्या जाडीत सुमारे चार गुंठे जमीन सामावली! कागदावर ही जाडी डोळ्यांना दिसत असे. रेघ आपली मर्यादा आपणच सांगत असे. पडद्यावर आपण नकाशा कितीही मोठा करावा, रेघ तेवढीच बारीक राहते. जी अचूकता मूळ मोजणीदाराने कधी सांगितलीच नव्हती, ती त्याच्या तोंडी घातली जाते.

म्हणून टिप्पणाचे महत्त्व. टिप्पणातील अंकाला जाडी नसते. त्यातील मापे संगणकात भरून शेताची आकृती पुन्हा बांधता येते, आणि ती नकाशातील आकृतीशी ताडून पाहता येते. दोहोंत फरक पडेल तेथे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावे. नकाशा कोणत्या सालचा, हेही नोंदले पाहिजे. कारण तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या 1947 च्या कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कोणत्या खुणा घेतल्या आणि चूक किती राहिली, हेही नव्या नकाशासोबत कायमचे राहावे.

जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2008 साली सुरू झाला. काम अवश्य व्हावे. जीर्ण कागद फार काळ थांबणार नाही. परंतु प्रिंगलचा धडा विसरता कामा नये. त्याचे तत्त्व सुबक होते, मोजणी कच्ची होती, आणि त्याची किंमत रयतेने मोजली. मोजणीची चूक कागदावर राहत नाही. ती शेतात उतरते.