ब्रायन क्लफचीं खालच्या वर्गांतील वर्षें

इंग्लंडांतील फुटबॉलच्या शौकिनांत कांहीं वाद कधींच मिटत नाहींत. ब्रायन क्लफ मोठा मॅनेजर होता कीं नाहीं, हा त्यांतला वाद नव्हे. १९७२ सालीं डर्बी कौंटीला आणि १९७८ सालीं नॉटिंगहॅम फॉरेस्टला त्यानें लीगचें अजिंक्यपद मिळवून दिलें, व १९७९ आणि १९८० अशीं लागोपाठ दोन वर्षें युरोपियन चषक नॉटिंगहॅमला आणला. तेव्हां त्याच्या मोठेपणाविषयीं शंका कोण घेणार? भांडण आहे तें त्यानें खालच्या वर्गांत काढलेल्या वर्षांचें. कौतुक करणारे हार्टलपूल्सचें नांव घेतात, उणें काढणारे ब्रायटनचें. आणि दोघांच्याहि हातीं आंकडे असतात.

त्या काळीं इंग्लिश लीगमध्यें ९२ संघ असून त्यांचे चार वर्ग होते. चौथ्या वर्गाच्या तळाशीं राहिलेल्या चार संघांना उन्हाळ्यांत इतर संघांच्या दारीं मतांची याचना करावी लागे. मतें मिळालीं तर लीगमध्यें जागा, नाहीं तर बाहेरचा रस्ता. ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल्स युनायटेडनें १९६० पासून १९६४ पर्यंत पांच वर्षें लागोपाठ ही याचना केली होती. १९६५ च्या ऑक्टोबरांत क्लफ तेथें मॅनेजर म्हणून आला, तेव्हां तो अवघा ३० वर्षांचा होता. मिडल्सबरो व संडरलंड यांच्याकडून २७४ लीग सामन्यांत २५१ गोल करणारा हा खेळाडू १९६२ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशीं गोलरक्षकावर आदळला, आणि गुडघ्याच्या त्या दुखापतीनें त्याचा खेळ जवळजवळ संपला. हार्टलपूल्सला येतांना त्यानें पीटर टेलर हा मिडल्सबरोचा जुना सोबती, एके काळचा गोलरक्षक, बरोबर आणला. दुय्यम मॅनेजर ठेवण्याची संघाची ऐपत नव्हती, म्हणून टेलरची नेमणूक ट्रेनर या नांवाखालीं झाली. पैशाची ओढाताण एवढी कीं, क्लफनें ठिकठिकाणीं फिरून संघासाठीं पैसा गोळा केला व संघाची बस हांकण्याचा परवानाहि काढला. या बसच्या गोष्टीचा गवगवा फार झाला. जॉन मॅकगव्हर्न नांवाचा १६ वर्षांचा एक पोर याच काळांत संघांतून खेळूं लागला, त्याचा मात्र तितका झाला नाहीं.

आतां आंकडे पाहावे. क्लफ येण्यापूर्वींच्या हंगामांत संघ १५ वा होता. त्याच्या पहिल्या हंगामाअखेर १८ वा. दुसऱ्याच्या अखेर ८ वा. १९६७ च्या उन्हाळ्यांत क्लफ आणि टेलर डर्बीला गेले, आणि लगेच पुढच्या हंगामांत गस मॅक्लीनच्या हाताखालीं संघ तिसरा येऊन आपल्या इतिहासांत प्रथमच वरच्या वर्गांत चढला. वादाची मेख येथेंच आहे. एक पक्ष म्हणतो, नांगरट आणि पेरणी क्लफची, मॅक्लीननें नुसती मळणी केली. दुसरा विचारतो, जो स्वतः आठव्या क्रमांकापलीकडे गेला नाहीं, त्याला दुसऱ्याच्या पिकांत वांटा कां द्यावा? बिचारा मॅक्लीन या भांडणांत हरवून जातो. बढती अखेर त्याच्या कारकीर्दींत मिळाली, हें कोणी पुसून टाकूं नये.

डर्बीलाहि आरंभ असाच झाला. दुसऱ्या वर्गांत १७ वा असलेला संघ क्लफच्या पहिल्या वर्षीं १८ वा आला. जुने खेळाडू निघत होते, ट्रॅन्मिअर रोव्हर्सचा तरुण रॉय मॅकफार्लंड यासारखे नवे येत होते. पुढें १९६८ सालीं टॉटनहॅमचा मुरब्बी डेव्ह मॅके आला आणि १९६९ सालीं दुसऱ्या वर्गाचें अजिंक्यपद हातीं आलें. नॉटिंगहॅमची कथा हीच. १९७५ च्या जानेवारींत क्लफनें सूत्रें घेतलीं तेव्हां फॉरेस्ट दुसऱ्या वर्गांत १३ वा होता, हंगाम संपला तेव्हां १६ वा, मग आठवा, आणि १९७७ सालीं तिसरा. त्या वर्षीं फॉरेस्टचे गुण ५२ आणि चौथ्या बोल्टनचे ५१. त्या एका गुणावर बढती मिळाली नसती तर पुढचा इतिहास कसा लिहिला गेला असता, याचा विचार क्लफच्या भक्तांनींहि करावा.

म्हणजे या तिन्ही ठिकाणीं पहिल्या हंगामाअखेर संघ थोडा खालींच घसरला होता. ब्रायटनचा हिशेब मांडतांना हें ध्यानांत घ्यावयास हवें. १९७३ च्या ऑक्टोबरांत डर्बीच्या संचालकांशीं बिनसून क्लफ व टेलर बाहेर पडले, आणि नोव्हेंबरांत तिसऱ्या वर्गांतील ब्रायटनला आले. त्याच महिन्यांत वॉल्टन अँड हर्शम या हौशी संघानें एफ. ए. चषकाच्या सामन्यांत त्यांच्याच मैदानावर त्यांना ४-० असें लोळविलें. १ डिसेंबरला ब्रिस्टल रोव्हर्सनें ८-२ असें. ३२ सामन्यांत विजय अवघे १२, आणि हंगामाअखेर १९ वा क्रमांक. परंतु येथें निकालांहून मोठा दोष दिसतो तो मनाचा. क्लफनें घर डर्बीलाच ठेवलें होतें, आणि १९७४ च्या जुलैंत लीड्सचें बोलावणें येतांच तो निघून गेला. तेथेंहि ४४ दिवसच टिकला. हार्टलपूल्सला ज्यानें जीव ओतला, त्यानें ब्रायटनला तो ओतला नाहीं. तेथील पाठीराख्यांचा राग याचा आहे, आणि तो अनाठायीं म्हणतां येत नाहीं.

टेलर मात्र मागें राहिला. पुढच्या वर्षीं ब्रायटन पुन्हां १९ वा, त्याच्या पुढें चौथा. मग १९७६ सालीं टेलरहि क्लफकडे नॉटिंगहॅमला गेला. लागलीच अॅलन मलरीच्या हाताखालीं ब्रायटनला बढती मिळाली, आणि त्या हंगामांत ३६ गोल करणारा पीटर वॉर्ड हा टेलरनेंच बर्टन अल्बियनकडून आणलेला होता. हार्टलपूल्सचीच कथा पुन्हां घडली. मात्र या वेळीं पेरणाऱ्यांत क्लफ नव्हता. ‘क्लफच्या यशांत टेलरचा वांटा किती,’ असें विचारणाऱ्यांचा मुख्य आधार हाच. त्यांना असेंहि उत्तर मिळतें कीं, नॉटिंगहॅमचीं पहिलीं दीड वर्षें टेलर तेथें नव्हता आणि तरी संघ सोळाव्यावरून आठवा झालाच होता. आठव्यावरून युरोपच्या शिखरापर्यंतची वाट मात्र दोघांनीं मिळून चढली.

तो हार्टलपूल्सचा मॅकगव्हर्न क्लफमागोमाग डर्बीला, लीड्सला आणि नॉटिंगहॅमला गेला. १९७९ सालीं म्यूनिकमध्यें व १९८० सालीं माद्रिदमध्यें युरोपियन चषक उचलला, तो फॉरेस्टचा कर्णधार या नात्यानें त्यानेंच. त्या दोन्ही वर्षीं हार्टलपूलचा संघ चौथ्याच वर्गांत खेळत होता.