आधी तंतू, मग दाब : वीज देण्याच्या क्रमाचा इतिहास

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४२ साली, जबलपूर येथे दूरसंचार प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. आज ती संस्था भारतरत्न भीमराव आंबेडकर यांच्या नावाने ओळखली जाते. १९४७ मध्ये त्याच शहरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय उघडले. जबलपूर त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत असे आणि प्रांताची राजधानी नागपूर होती.

त्या पिढीतील दळणवळणाची यंत्रे निर्वात नलिकांवर चालत. पाऱ्याच्या वाफेची एकदिशकारक नलिका वापरताना एक नियम कटाक्षाने पाळावा लागे : आधी तंतू तापवावा, थोडे थांबावे आणि मगच उच्च विद्युतदाब द्यावा. क्रम उलटला, तर आयनांच्या माऱ्याने तंतूवरील लेप झिजून नलिका निकामी होई. या क्रमाचे ज्ञान चालकाच्या हातात असे, किंवा वेळ मोजणाऱ्या रिलेमध्ये.

नलिका गेल्या, चिप आल्या. नियम मात्र राहिला. आजच्या एम्बेडेड उपकरणातील एका चिपला अनेक वेगवेगळे विद्युतदाब लागतात. ते ठरलेल्या क्रमाने द्यायचे, क्लॉक सुरू करायचे, काही मिलिसेकंद थांबायचे आणि शेवटी रीसेटची तार सोडायची. पण येथे चालक नाही. त्याचे काम कर्नेल करते. मग कोणत्या फलकावर कोणता क्रम पाळायचा, हे कर्नेलला कोण सांगणार?

प्रारंभी लिनक्समध्ये याचे उत्तर सरळ होते. एआरएम प्रोसेसरच्या प्रत्येक फलकासाठी सी भाषेत स्वतंत्र फाइल लिहिली जाई आणि क्रमही तिच्यातच असे. फलक वाढले, तशा या फाइलीही बेसुमार वाढल्या. २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर तीव्र नाराजी व्यक्त केली. त्यानंतर फलकाचे वर्णन ‘डिव्हाइस ट्री’ या स्वतंत्र माहितीपत्रकात नेण्यास वेग आला.

येथेच खरा पेच उभा राहिला. माहितीपत्रकात तारा, पत्ते आणि विद्युतदाब लिहिता येतात. फंक्शन लिहिता येत नाही. २०१२ मध्ये एनव्हीडियाचे अलेक्झांडर कूर्बो यांनी सुचवले, की ‘हा पुरवठा सुरू करा, इतके थांबा, ही तार उंचवा’ अशा पायऱ्याच डिव्हाइस ट्रीत नोंदवाव्यात. आक्षेप मूलभूत होता. डिव्हाइस ट्रीने यंत्र कसे आहे ते सांगावे, काय करावे ते नव्हे. आज चार पायऱ्या आल्या, तर उद्या अटी येतील, परवा आवर्तने, आणि वर्णनाची भाषा नकळत प्रोग्रॅमिंगची भाषा होईल. प्रस्ताव मुख्य कर्नेलमध्ये आला नाही. डिव्हाइस ट्रीत घटकाचे नेमके नाव आणि त्याच्या तारा असाव्यात, क्रम ड्रायव्हरने जाणावा, ही दिशा पुढे रूढ झाली.

तरीही एक गाठ उरली. एसडीआयओ किंवा पीसीआय एक्स्प्रेसवरील उपकरण वीज मिळाल्याशिवाय दिसत नाही. दिसल्याशिवाय ड्रायव्हर जागा होत नाही. आणि वीज द्यायची ती ड्रायव्हरने! एसडीआयओ व ईएमएमसी उपकरणांपुरता यावर २०१५ मध्ये उपाय निघाला : वीज देण्याचे काम उपकरण शोधणाऱ्या यजमान नियंत्रकाकडे गेले. पुढे क्वालकॉमच्या काही चिपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच संचात आले. दोघांचे ड्रायव्हर वेगळे, वीजपुरवठा सामायिक. आणि दोघांना जागे करताना मध्ये १०० मिलिसेकंदांचे अंतर हवे. एकाला दुसऱ्याची खबर नसेल, तर हे अंतर राखायचे कोणी? बार्तोश गोलाशेव्स्की यांनी त्यासाठी स्वतंत्र उपप्रणाली लिहिली. ती सप्टेंबर २०२४ मध्ये लिनक्स ६.११ सोबत आली.

भारतात हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. २०१८ मध्ये आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ प्रोसेसरवर लिनक्स सुरू झाले. स्वदेशी प्रोसेसरभोवती जो जो नवा फलक घडेल, त्याच्या विजेचा क्रम कोणाला तरी अचूक लिहावा लागेल. प्रोसेसर कितीही उत्तम असो, एक तार काही मिलिसेकंद आधी उंचावली, तरी उपकरण मुके राहू शकते. चालकाच्या हातातील ते जुने ज्ञान नाहीसे झालेले नाही. ते कोठे लिहून ठेवायचे, एवढाच वाद सात दशकांनंतर नव्याने झाला.

#विज्ञानइतिहास #लिनक्स #जबलपूर