एकच घाट, निराळे सूर : लेस पॉल आणि तिच्यासारख्या गिटारी

वाद्यांच्या मोठ्या दुकानात भिंतीवर टांगलेल्या इलेक्ट्रिक गिटारींमध्ये एक घाट पुन्हा पुन्हा दिसतो. मानेखाली एकाच बाजूला खाच असलेले जाड धड, त्याचा किंचित फुगीर पृष्ठभाग आणि दोन पिकअप. खुंट्यांच्या पट्टीवरील नावे मात्र निरनिराळी असतात, आणि किमतींतही काही हजारांपासून काही लाखांपर्यंत अंतर असते. दिसायला सारख्याच असलेल्या या वाद्यांत नेमका फरक कोणता, हा प्रश्न नव्या वादकाला आणि पैसे मोजणाऱ्या पालकांना पडणे स्वाभाविक आहे.

या घाटाचा मूळ नमुना अमेरिकेतील गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये बाजारात आणला. लेस पॉल या लोकप्रिय गिटारवादकाचे नाव तिला देण्यात आले. मॅहॉगनीचे धड, त्यावर मेपलचा थर आणि धडात सरसाने चिकटवलेली मान ही तिची रचना. १९५७ मध्ये तिला सेथ लव्हर यांनी तयार केलेले हंबकर पिकअप बसले. एका वेटोळ्याचा पिकअप तारेच्या कंपनाबरोबर विजेच्या प्रवाहाची गुणगुणही टिपतो. हंबकरमधील दोन वेटोळी अशा रीतीने जोडलेली असतात, की ती गुणगुण परस्पर रद्द होते आणि तारेचा आवाज मात्र भरदार होतो. विक्री मंदावल्याने १९६० नंतर हा घाट बंद झाला. पुढे एरिक क्लॅप्टनसारख्या वादकांनी जुन्या लेस पॉल हाती घेतल्या, मागणी वाढली आणि १९६८ मध्ये गिब्सनने ती पुन्हा सुरू केली.

घाटाची मालकी कोणाची?

मागणी वाढताच जपानी कारखान्यांनी हुबेहूब प्रती काढल्या. आयबानेझ, ग्रेको आणि तोकाई ही त्यांतील ठळक नावे. १९७७ मध्ये गिब्सनच्या तत्कालीन मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकेतील वितरकाला न्यायालयात खेचले. मात्र हा वाद धडाच्या आकाराचा नव्हता, तर खुंट्यांच्या पट्टीच्या आकाराचा होता, आणि तो न्यायालयाबाहेर मिटला.

धडाचा प्रश्न ऐरणीवर आला तो पॉल रीड स्मिथ यांच्या पीआरएस कंपनीने सिंगलकट ही गिटार काढल्यावर. गिब्सनला आधी मनाई हुकूम मिळाला. परंतु २००५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने तो उठवला. खरेदीच्या वेळी ग्राहकाची फसगत होत नाही, हे गिब्सनने स्वतःच मान्य केले होते. धुराने भरलेल्या मद्यगृहात लांबून पाहणाऱ्याचा गोंधळ होईल, हा युक्तिवाद न्यायालयाने स्वीकारला नाही. फेंडर कंपनीलाही स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टर यांच्या धडांचे आकार व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेता आले नाहीत. २००९ मध्ये तिचे अर्ज फेटाळले गेले.

हाताला जाणवणारे फरक

सतारीचा भोपळा आणि तबली नाद घडवतात. तिथे आकार हा स्वराचाच भाग असतो. सॉलिड बॉडी गिटारीला पोकळी नसते. आवाज पिकअपमधून अॅम्प्लिफायरकडे जातो. त्यामुळे धडाच्या बाह्यरेषेचा संबंध मुख्यतः तोल, वजन आणि वरच्या स्वरांपर्यंत हात पोहोचण्याशी येतो. लाकडाचा स्वरावर किती परिणाम होतो, याबाबत जाणकारांत आजही मतभेद आहेत.

तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीबाबत मात्र मतभेदाला जागा नाही. लेस पॉलमध्ये ही लांबी सुमारे पावणेपंचवीस इंच, पीआरएसच्या मूळ सिंगलकटमध्ये पंचवीस, तर फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये साडेपंचवीस इंच असते. त्याच जाडीची तार त्याच स्वरात लावली, तर तिचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे स्ट्रॅटोकास्टरवर तो लेस पॉलपेक्षा सुमारे सहा टक्के अधिक, तर सिंगलकटवर दोन टक्के अधिक असतो. तार ओढून मींड काढताना हा फरक बोटांना लगेच कळतो.

दुसरा फरक मानेच्या जोडाचा. लेस पॉलची मान चिकटवलेली असते, तर या घाटाच्या अनेक स्वस्त गिटारींची मान स्क्रूंनी बसवलेली असते. गिटार उलटी करून पाहिल्यास हे ध्यानात येते. स्क्रूंचा जोड कमी दर्जाचा नव्हे. फेंडरच्या नामांकित गिटारी तशाच बनतात आणि त्यांची मान बदलणेही सोपे असते. उलट लेस पॉलची खुंट्यांची पट्टी मागे कललेली असल्याने गिटार पडल्यास ती मानेपाशी मोडण्याचा धोका अधिक.

तिसरा फरक पिकअपच्या जागेचा. लेस पॉलला बावीस फ्रेट, म्हणजे पडदे असतात. ईएसपी कंपनीच्या एक्लिप्स प्रकारात बहुधा चोवीस असतात. जास्तीच्या दोन पडद्यांमुळे मानेजवळचा पिकअप घोडीकडे सरकतो आणि त्याचा गोलाई असलेला स्वर थोडा धारदार होतो. अनेक एक्लिप्समध्ये बॅटरीवर चालणारे पिकअप असतात, तेही आवाज बदलतात.

किमतीत काय मिळते?

एपिफोन ही एकेकाळची प्रतिस्पर्धी कंपनी १९५७ पासून गिब्सनच्याच मालकीच्या समूहात आहे. तिच्या लेस पॉल आशियात बनतात आणि बऱ्याच स्वस्त असतात. त्यांच्या अनेक गिटारींवर दिसणारी मेपलची सुंदर नक्षी ही लाकडाच्या पातळ पापुद्र्याची असते, आणि लेपही गिब्सनच्या नायट्रोसेल्युलोजऐवजी पॉलियुरेथेनचा असतो. तारेची लांबी आणि मांडणी मात्र जवळपास तीच. जादा किमतीचा मोठा वाटा कारागिरी, लेप, देश, नाव आणि पुनर्विक्रीचे मोल यांचा असतो.

तुलना करताना म्हणूनच दोन्ही गिटारींना एकाच जाडीच्या तारा लावून, तारांची उंची सारखी ठेवून, एकाच अॅम्प्लिफायरवर वाजवणे आवश्यक आहे. फेंडर साधारणतः नऊ क्रमांकाच्या आणि गिब्सन दहा क्रमांकाच्या तारा लावून पाठवते, एवढ्यानेही मत बदलू शकते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मानेचे लाकूड हलते. तिच्या आतली लोखंडी कांब किल्लीने फिरवून ती सरळ करता येते. नीट जुळवलेली स्वस्त गिटार अशा वेळी न जुळवलेल्या महागड्या गिटारीपेक्षा सुखकर वाटते. जुळवणीनंतर उरतो तो खरा फरक, आणि त्यासाठी किती मोजायचे हे खरेदीदाराने तेव्हाच ठरवावे.