श्वाससाधना, मावळ परिसरातील

मनःशांतीसाठी व भावनिक क्षोभ शमविण्यासाठी श्वासाकडे जाणीवपूर्वक लक्ष देणे अथवा त्याच्या गतीचे हेतुपुरस्सर नियमन करणे, म्हणजे श्वाससाधना होय. भारतीय परंपरेत तिचे दोन प्रमुख प्रवाह आढळतात. श्वास जसा चालतो तसा चालू देऊन केवळ त्याचे अवधान राखणे, हा बौद्धांचा ‘आनापानसती’ मार्ग. तर पूरक (श्वास घेणे), कुंभक (रोखणे) व रेचक (सोडणे) यांचे नियमन करणे, हा योगशास्त्रातील प्राणायाम. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात या दोन्ही प्रवाहांचे स्मरण करून देणारी स्थळे आहेत : बेडसे येथील बौद्ध लेणी आणि लोणावळे येथील कैवल्यधाम ही संस्था.

कामशेतजवळील बेडसे येथील लेणी सामान्यतः इ. स. पू. पहिल्या शतकातील मानली जातात. उंच स्तंभांचे चैत्यगृह आणि चापाकार विधानाचा, कमानदार छताचा विहार ही त्यांतील मुख्य लेणी. विहारातील दालनाभोवती भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या कोरलेल्या आहेत. नासिकच्या आनंद श्रेष्ठीच्या पुत्राचे दान येथील एका कोरीव लेखात नोंदविलेले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र एका लहान स्तूपाजवळील लेख विशेष महत्त्वाचा आहे. अरण्यात राहणाऱ्या व भिक्षान्नावर निर्वाह करणाऱ्या गोभूती नामक भिक्षूच्या स्मरणार्थ त्याच्या शिष्याने तो स्तूप करविला, असे त्यावरून कळते. लेखात श्वासाचा उल्लेख नाही. तथापि आनापानसतीचा उपदेश ज्याला उद्देशून आहे, तो साधक नेमका असाच आहे. अरण्यात, वृक्षाखाली किंवा निर्जन जागी जाऊन ताठ बसावे व श्वास दीर्घ आहे की ऱ्हस्व हे जाणावे, अशी त्या उपदेशाची सुरुवात आहे. मज्झिमनिकायातील आनापानसतिसुत्तात या साधनेच्या सोळा पायऱ्या सांगितल्या असून काया, वेदना, चित्त व धर्म असे त्यांचे चार गट पडतात. आधी देहाची अस्वस्थता शमते, मग सुखदुःखाच्या संवेदना व चित्ताच्या अवस्था साधकाला स्पष्ट दिसू लागतात, असा हा क्रम आहे. भावनांचे दमन न करता त्यांचे अवलोकन करावे, हे त्यामागील तत्त्व होय.

प्राणायामाचा प्रवाह यापासून काहीसा भिन्न आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत प्राणायाम हे अष्टांगांपैकी चौथे अंग असून त्यामुळे मन धारणेस योग्य होते, असे मानले आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाचे व कुंडलिनी जागृतीचे जे विस्तृत वर्णन आले आहे, त्यामुळे ही परिभाषा मराठी वाचकांच्या परिचयाची झाली. पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने हठप्रदीपिकेत कुंभकाचे आठ प्रकार वर्णिले. प्राण चंचल असता चित्तही चंचल असते, ही त्याची मूळ भूमिका होती. या सर्व ग्रंथांचे अंतिम उद्दिष्ट मात्र आरोग्य नसून मुक्ती हे होते.

श्वाससाधनेला प्रयोगशाळेत आणण्याचे कार्य स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी केले. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्याकडे व्यायामाचे आणि नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी यांच्याकडे योगाचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधामाची स्थापना केली. त्याच वर्षी योगमीमांसा हे संशोधनपर नियतकालिक निघू लागले. क्ष-किरणे, दाबमापन व श्वासवायूंचे विश्लेषण या साधनांनी योगक्रियांची तपासणी त्यात प्रसिद्ध होत असे. प्राणायामाने शरीरात प्राणवायूचा मोठा साठा होतो, ही समजूत तेव्हाही लोकप्रिय होती. ती योगाच्या प्रतिष्ठेला पोषक असूनही कुवलयानंदांनी स्वीकारली नाही. प्राणायामाचे मूल्य अधिक प्राणवायू मिळविण्यात नसून मज्जासंस्थेला मिळणाऱ्या शिक्षणात आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. परंपरेवर श्रद्धा ठेवूनही तिच्या नावावर चालणारी चुकीची कारणमीमांसा नाकारता येते, याचे हे बोलके उदाहरण आहे. १९५७ मध्ये वेंगर व बागची या संशोधकांनी येथील साधकांच्या शारीरिक प्रतिक्रियांची नोंद केली. १९७० मध्ये संस्थेने हठप्रदीपिकेची आवृत्तीही प्रसिद्ध केली.

आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाने या भूमिकेला पुष्टी दिली आहे. निरोगी माणसाचे रक्त विश्रांतीतही प्राणवायूने जवळजवळ संपृक्त असते. विश्रांतीत प्रौढ व्यक्ती मिनिटाला सु. १२ ते २० श्वास घेते. ही गती सहाच्या आसपास आणल्यास श्वासाची लय व रक्तदाब नियंत्रित करणाऱ्या प्रतिक्षेपाची लय यांचा मेळ बसतो. उच्छ्वासाच्या वेळी दशमी मस्तिष्क तंत्रिकेच्या (प्राणेशा तंत्रिकेच्या) प्रभावामुळे हृदयाची गती मंदावते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना व योगमंत्र या दोहोंच्या पठणाने श्वासाची गती मिनिटाला सु. सहा होते, असे दिसून आले.

बौद्ध प्रवाहही महाराष्ट्रात पुन्हा अवतरला. ब्रह्मदेशातील सयाजी ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये भारतात शिबिरे सुरू केली. १९७६ पासून नासिक जिल्ह्यातील इगतपुरी येथील धम्मगिरी केंद्रात दहा दिवसांची शिबिरे भरतात. त्यांचा आरंभ आनापानानेच होतो.

श्वाससाधनेस मर्यादाही आहेत. अतिवेगाने श्वसन केल्यास रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड घटून घेरी येते. उच्च रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी कुंभक वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नये. तीव्र मानसिक आघात झालेल्या व्यक्तीला एकांतातील दीर्घ अवलोकन क्लेशकारकही ठरू शकते. तेव्हा ही साधना उपचारांस पूरक आहे, पर्यायी नव्हे. गोभूतीच्या शिष्याने गुरूची स्मृती दगडात जपली. लोणावळ्यातील शिष्याने गुरूपासून मिळालेले ज्ञान कसोटीस लावले. परंपरा जिवंत राहण्यास या दोन्ही निष्ठांची गरज असते.